उंबऱ्यावर उंबरा

॥ ॐ नमः शिवाय ॥

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
ता. ९ फेब्रुवारी २००५

चि. सौ. शांतव्वा हिला शिवय्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी कंबर कशी आहे? मी दिलेलं तेल लावतेस, का फडताळात ठेवून त्याला हळदकुंकू वाहतेस? सोमशेखर दाजींचा खोकला थांबला का? दुकानात मिरचीच्या पोत्यापाशी बसू नका म्हणून त्यांना किती वेळा सांगायचं? म्हैस व्याली का? शेजारच्या धोंडुबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं? आमच्याकडं तुझ्या वैनीचे गुडघे आहेत तसेच. खाटेवरून देव्हाऱ्यापर्यंत आणि देव्हाऱ्यापासून खाटेपर्यंत, एवढीच तिची यात्रा. आमचा मृत्युंजय घरातली पिठाची गिरणी बघतो, बरा आहे. मी गेल्या गुरुवारपर्यंत बरा होतो.

विचारपूस झाली. आता भांडायला लागतो. मृत्युंजयनं मोबाईल घेतलाय, पण फोनवर मी तापलो की तू ठेवून देतेस. पत्र मधेच ठेवता येत नाही.

तुझी लेक शिवलीला माझ्या घरी राहून इंजिनिअर होतेय. शेवटच्या वर्षाला त्यांना काहीतरी करून दाखवावं लागतं. तिच्या गटानं विषय घेतला, शहरानं पुराला कसं तोंड द्यावं. मी म्हटलं झकास. माझी शाळा चौथीत सुटली असली तरी पुडीचा कागद मी वाचल्याशिवाय टाकत नाही, मला असल्या गोष्टींचं कौतुक आहे. पोरं पातळी बघायला नळीत पाणी भरून महिनाभर भिंती मापत फिरली. त्यांना चहा कुणी पाजला? मी. शिडी कुणी दिली? मी.

गुरुवारी मार्केट यार्डातनं आलो तर गल्लीभर निळ्या ऑइलपेंटची रेघ. माझ्या सोप्यातसुद्धा. आणि ती गेलीय कुठून, तर अप्पांच्या फोटोच्या दोन्ही अंगांनी, त्यांच्या कपाळावरच्या विभूतीच्या बरोबरीनं. विचारलं तर शांतपणे सांगते की मामा, मोठा पूर आला तर पाणी इथवर चढेल. म्हणजे माझ्या बापाला माझ्याच भिंतीवर बुडवून ठेवलं, आणि वर रंग वाळेपर्यंत हात लावू नका म्हणाली.

एवढ्यावर थांबली असती तरी मी गिळलं असतं. पुढं म्हणते, उंबरा फोडा. फार उंच झालाय, एकदा पाणी आत आलं की बाहेर पडणार नाही. शांतव्वा, घराचा उंबरा फोडा असं वैऱ्याच्या तोंडातनंसुद्धा निघत नाही. त्याच उंबऱ्याला नमस्कार करून तू सासरी गेलीस. त्याच्यापुढं तुझी वैनी दुखऱ्या गुडघ्यांनी अजून रांगोळीचं बोट ओढते. आणि पाणी त्यानं आजवर आत येऊ दिलेलं नाही.

शेजारच्या केरबानं माडी भाड्यानं द्यायची ठरवली होती. भाडेकरू आला, रेघ बघितली, आणि तसाच पावणा होऊन गेला. तालमीच्या पोरांनी गल्लीच्या तोंडाला लावलेला ह्या गटाचा पुराचा कापडी फलक फाडून टाकला, ते मी थांबवलं नाही. आणि तुझ्या लेकीला सांगितलं की पुन्हा माझा उंबरा चढायचा नाही. पिशवी भरली, वैनीच्या पाया पडली, माझ्या न पडता वसतिगृहात गेली.

तिचा कान धरून तिला माफी मागायला लाव. लोभ आहेच, तो परत मागून घ्यायची वेळ आणू नकोस. उत्तर टाक.

तुझा,
शिवय्या


कुरुंदवाड
ता. १६ फेब्रुवारी २००५

ती. अण्णांना शांतव्वाचा नमस्कार.

कंबर तशीच आहे, तुझ्या तेलाला घाण वास येतो. ह्यांचा खोकला थांबला. म्हैस व्याली, रेडी झाली. धोंडुबाईला आता सगळं दिसतं आणि ती ते सगळं सांगत फिरते. वैनीला माझा नमस्कार सांग. तिच्या गुडघ्यांची काळजी वाटते, तुझी वाटत नाही.

तू भांडलास, आता माझं ऐक. आमच्या गावाला दोन नद्यांचं पाणी लागतं. आमच्या दाराच्या चौकटीवर ह्यांनी खिळ्यानं पाण्याच्या खुणा करून ठेवल्यात, पोरांची उंची मापावी तशा. त्यानं कुणाची अब्रू गेली नाही, कुणाची सोयरीक मोडली नाही. पाणी वाढलं की पोती माळ्यावर, म्हैस वरच्या रानात आणि आम्ही शाळेत. उतरलं की झाडू घेऊन परत. तुम्ही कोल्हापूरची माणसं पूर बघायला पुलावर जाता आणि हातात भज्याची पुडी धरता. पूर म्हणजे तुम्हाला जत्रा वाटते. म्हणून भिंतीवरची रेघ झोंबते.

आणि उंबऱ्याच्या गोष्टी मला सांगू नकोस. मी ज्याला नमस्कार करून सासरी गेले तो उंबरा राहिलाय कुठं? अप्पांचा काळा दगड होता, जमिनीपासून चार बोटं वर. मधे झिजून त्याची वाटी झालेली, आपली अव्वा त्या वाटीत मुंग्यांना साखर टाकायची. एका पुरानंतर तू त्याच्यावर सिमेंटचा थर घातलास. एकोणनव्वदच्या पुरानंतर दुसरा. मोरीतनं गटाराचं पाणी उलटं येतं म्हणून मोरीही बुजवलीस. लहानपणी आपण घरात चालत जायचो. आता बाहेरनं पायऱ्या चढायच्या आणि आत पायऱ्या उतरायच्या. घर बांधलंस का हौद?

माझी पोरगी माफी मागणार नाही. तिनं मागायची म्हटलं तरी मी मागू देणार नाही. आणि जो उंबरा माझ्या लेकीला बंद, तो मलाही बंद. ह्या वर्षी नागपंचमीला मी माहेरी येत नाही. भावाचा उपास इथंच करीन, तो करायला तुझी परवानगी लागत नाही.

लोभ तुझा तुझ्यापाशी ठेव, लागेल तेव्हा मागीन.

शांतव्वा


मुलींचं वसतिगृह, कोल्हापूर
ता. २२ मार्च २००५

ती. मामांना शिवलीलाचा सा. न.

मामींचे गुडघे कसे आहेत? मृत्युंजय सांगतो की तुम्ही रात्री जेवताना माझं नाव निघालं की ताट सरकवता. जेवण सोडू नका. माझ्यावरचा राग जेवूनही करता येतो.

तुम्ही कॉलेजवर येऊन सरांसमोर ओरडलात हे मला नंतर कळलं. माझी पोरगी माझ्याच घरावर उठली म्हणालात. सरांनी मला बोलावून सांगितलं की ती गल्ली प्रकल्पातून काढून टाक, दुसरी घे. परीक्षेला बाहेरचे लोक येणार, त्यांच्यापुढं गोंधळ नको. मी काढली नाही. म्हणून गटातली दोघं माझ्याशी बोलत नाहीत. हे तक्रार म्हणून नाही, माहितीसाठी लिहिते.

आमची मूळ चूक कशी झाली तेवढं वाचा. आम्ही घरोघर विचारत होतो की जुन्या पुरांत पाणी कुठवर आलं होतं. सगळे एकच सांगत, उंबऱ्यापर्यंत. तुम्हीही तेच सांगितलंत. आम्ही ते तसंच मांडलं. सगळे पूर सारख्याच उंचीचे निघाले. सर हसून म्हणाले, नदीला तुमच्या गल्लीचे उंबरे पाठ आहेत वाटतं. त्याच संध्याकाळी मी घरी आले, नेहमीसारखी उंबऱ्यावरनं आत उडी मारली, आणि पाय जमिनीला लागायच्या आत लक्षात आलं. पूर सारखे नव्हते मामा. उंबरा वाढत होता. गल्लीत प्रत्येकानं वाढवलाय, आणि प्रत्येक जण आजच्या उंबऱ्यावरून कालचं पाणी सांगतो. मग आम्ही त्या-त्या वेळचा उंबरा जमिनीपासून पुन्हा मापला, दर पुराचं पाणी आधीपेक्षा वर निघालं, आणि पुढच्या मोठ्या पुराची रेघ जिथं यायची तिथं आली. अप्पाअज्जांचा फोटो तिथं होता, हा माझा गुन्हा नाही. मी लहान असल्यापासून तो तिथंच आहे.

माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. उंबरा फोडायचा नसेल तर नका फोडू. त्याच्या बुडाशी एक भोक पाडा आणि लाकडाचा दट्ट्या मारून ठेवा. पाणी उतरलं की दट्ट्या काढायचा. आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी धोक्याच्या खुणेला लागलं की मामींना माडीवर न्या. मामींना पाण्यातून उचलणं तुम्हाला दोघांना जमायचं नाही.

तुम्ही चढायचं नाही म्हणालात, मी चढणार नाही. तुमच्या शब्दाला मी तुमच्यापेक्षा जास्त जपते.

आपली,
शिवलीला


शुक्रवार पेठ
ता. १० एप्रिल २००५

शिवलीलास,

आशीर्वाद देण्याइतका राग उतरलेला नाही, म्हणून लिहिला नाही.

तुझी रेघ पुसली. घरात चुना मीच मारला, बाहेर केरबानं. तीनदा हात दिले तरी खालनं निळं दिसतंच. ऑइलपेंटवर चुना धरत नाही हे तुला ठाऊक होतं, म्हणूनच तू तो रंग घेतलास. चौथा हात मारीन.

भोक पाडा म्हणतेस. उंबऱ्याला भोक म्हणजे उंदरालाही आमंत्रण आणि नदीलाही. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात गवंड्याला बोलावलं आणि उंबऱ्यावर आणखी एक थर चढवला. आता मी स्वतः आत जाताना चौकटीला धरतो. केरबा विचारत होता की शिवय्याण्णा, घरात जायला शिडी लावू काय. लाव म्हटलं.

तुझ्या मामीला कुठं न्यायचं ते मी ठरवीन. लग्न करून तिला मी आणलीय, तुमच्या प्रकल्पानं नाही.

तू माझ्या शब्दाला जपतेस म्हणालीस. जप.

शिवय्या


कोल्हापूर
ता. ५ ऑगस्ट २००५

ती. आत्तीला मृत्युंजयचा नमस्कार.

तुम्ही सगळे जयसिंगपूरच्या शाळेत पोचलात, सोमशेखर मामा बरे आहेत आणि म्हैसही वाचली, एवढं टेम्पोवाल्या जोतीरामकडनं कळलं. त्याच्याच हाती हे देतोय. फोन मेलेत, लाईट नाही.

आधी आई सुखरूप आहे हे वाच, मग बाकीचं. बंधाऱ्यावर पाणी धोक्याला लागल्याचं रेडिओवर सांगितलं, तसे आमचे अप्पा उठले. केरबाकाकांना हाक मारली, आईला खाटेसकट माडीवर चढवलं. आईनं विचारलं की काय झालं, तर म्हणाले माडीवर ऊब असते, गुडघ्यांना बरी. मग अज्जांचा फोटो काखेत मारून वर आणला आणि भिंतीकडं तोंड करून ठेवला. अज्जांनी पाणी बघू नये म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी पाणी उंबऱ्याशी आलं. अप्पा आत उभे राहून हसत होते. संध्याकाळी उंबऱ्यावरनं आत पडायला लागलं. आत्ती, तो आवाज मी विसरणार नाही. हौदात तोटी सोडल्यासारखा. गिरणीची मोटर गेली, दळणाचे डबे तरंगायला लागले. भिंतीवरचा चुना सगळा धुऊन गेला आणि निळी रेघ नव्यासारखी वर आली. आम्ही माडीच्या पायऱ्यांवर बसून तिच्याकडं बघत होतो. पाणी तिच्याकडं चढत होतं.

गल्लीतली म्हातारी माणसं तालमीच्या पोरांनी होडीतनं काढली. फलक फाडणारी तीच पोरं. कुठल्या घरात आधी जायचं ते ती शिवलीलाच्या प्रकल्पातल्या नकाशावरून ठरवत होती, आणि तिला शिव्याही देत होती.

आता रस्ता उघडा पडलाय. सगळी गल्ली चिखल काढतेय. आमच्या घरात मात्र कमरेएवढं पाणी. बाहेर कोरडं, आत तळं. बादल्यांनी उपसतो, पण काही सरत नाही, आणि घाण वास सुटलाय. आईला ताप आहे. डॉक्टर म्हणाले, खालचं पाणी लवकर काढा, नाहीतर तिला इथं ठेवू नका. ती म्हणते मी ह्या घरातनं एकदाच जाईन.

काल शिवलीला आली होती, परीक्षा झाली तरी निकालासाठी ती वसतिगृहातच थांबलीय. रस्त्यातल्या चिखलात उभी राहिली. मी ये म्हटलं, तर मोठ्यानं म्हणाली की मामांनी उंबरा चढायला बंदी केलीय. अप्पा आत पायरीवर बसलेले, दोघांच्या मधे पाणी. तिनं मला विचारलं, मामींनी काही खाल्लं का. अप्पांनी मला सांगितलं, तिला सांग पेज घेतली. दोघांना एकमेकांचं ऐकू येत होतं, तरी मी इकडचं तिकडं सांगत राहिलो. ती अर्धा दिवस तशीच उभी होती. जाताना आणलेली पहार बाहेरच्या भिंतीला टेकवून गेली. अप्पा कालपासून त्या पहारेकडं बघतायत. मी हात लावायला गेलो तर ओरडले.

तू काहीतरी लिही. तुझं ते ऐकत नाहीत, पण वाचतात.

तुझा,
मृत्युंजय


॥ ॐ नमः शिवाय ॥

शुक्रवार पेठ, कोल्हापूर
ता. १७ ऑगस्ट २००५

चि. सौ. शांतव्वास शिवय्याचे आशीर्वाद, वि. वि.

घरी परत गेलात का? भिंती उभ्या आहेत ना? दाजींच्या छातीत ओल बसली नाही ना? रेडी दूध पिते का? धोंडुबाई शाळेतसुद्धा बोलत होती का? इकडं तुझ्या वैनीचा ताप उतरला. काल तिनं स्वतः आंबील मागितली आणि मीठ कमी आहे म्हणून मला ऐकवलं, म्हणजे बरी आहे. मृत्युंजय मोटर उघडून बसलाय. ती चालेल असं त्याला वाटतं, मला नाही. पंचमी चिखल काढण्यात गेली. तू उपास केलास हे मला ठाऊक आहे, तू लिहिलं नाहीस तरी.

तुझं पत्र आलं त्याच्या आधीच मी पहार घेतली होती. तुझ्या पत्रामुळं घेतली असं वाटून घेऊ नकोस. आणि एवढं टोचून लिहायचं काही कारण नव्हतं. तुझ्या वैनीनं माडीवरनं हाक मारून विचारलं होतं की अहो, खाली अजून पाणी आहे का. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हणवलं नाही.

पहिला घाव घातला तसा केरबा धावत आला. हात धरून म्हणाला, अण्णा, उंबरा हाय तो, असलं कुणी करतंय व्हय. मी म्हटलं, मग ये, आत येऊन बादली धर. त्यानं हात सोडला. ह्या उन्हाळ्यात घातलेला थर तर भाकरीसारखा उचकटला. रागात घातलेलं सिमेंट होतं, त्यात वाळूच जास्त. त्याच्या खालचा एकोणनव्वदचा मात्र चिवट. त्यानं घाम काढला. तो तडकला आणि पाणी बाहेर पडलं. कोंडा, तुझ्या वैनीचा पाट, माझी एक चप्पल, सगळं घेऊन गटाराकडं गेलं. गल्ली बघत उभी होती. कुणी हसलं नाही. संध्याकाळी केरबाच्या घरातनं पहारेचा आवाज यायला लागला.

मग पहिला थरही काढला, आणि सगळ्यात खाली अप्पांचा दगड लागला. मृत्युंजयनं त्याच्यावरही पहार उगारली होती, मी त्याचा हात धरला. तसाच काळा आहे, मधली वाटीही तशीच. बाकी घर सुकलं, त्या वाटीत तेवढं पाणी राहिलं. ते मी काढलं नाही. उन्हानं काय व्हायचं ते होईल. साखर मग टाकू.

आता तुझ्या लेकीबद्दल. तिची रेघ चुकली, हे मुद्दाम लिहितो. पाणी रेघेच्या वीतभर खाली थांबलं. शिकलेल्या माणसानं वीतभर चुकावं हे बरं दिसत नाही, तिच्या सरांना कळवायला माझी हरकत नाही. अप्पांचा फोटो पुन्हा त्याच जागी लावलाय. रेघही तिथंच आहे. चुना आणलेला नाही.

तिनं अजून इकडं पाऊल टाकलेलं नाही. रोज येते, रस्त्यातनं मामीला हाक मारते, आणि जाते. काल तुझी वैनी मला म्हणाली की तुमचं तोंड बंद आहे का पायरी. मी तिला सांगितलं तेच तुला सांगतो. दिलेला शब्द फिरवायची मला सवय नाही, आणि ह्या वयात लावून घेणार नाही. मी शिवलीलाला उंबरा चढायचा नाही म्हणालो होतो, ते तसंच राहील. पण तू येऊन बघ. चढायला आता काही उरलेलंच नाही. अप्पांचा दगड तेवढा आहे, चार बोटांचा. तो चढत नाहीत, ओलांडतात. आणि ओलांडू नको असं मी कधी म्हटल्याचं तुला तरी आठवतं का?

पंचमी बुडाली तरी गौरी आहेत. ये, आणि येताना वाटेत तिला वसतिगृहातनं घेऊन ये. एकटी आली तर रस्त्यातच उभी राहील, तुझ्यावर गेलीय. निळ्या रंगाचा डबा तिच्याकडं उरला असेल तर तोही आणायला सांग. वीतभर खाली दुसरी रेघ मारायची आहे, ह्या वेळेची. शिडी मी धरीन.

तुम्हा सगळ्यांवर लोभ होता, आहे. मधे जरा पाणी भरलं होतं. उत्तर लवकर टाक, कधी निघता ते लिही.

तुझा,
शिवय्याण्णा